अणुक्रमांक एकशे अठरा

"सर, नावाची जागा कोरी ठेवली तरी चालतंय. लई जण ठेवत्यात," दवाखान्यातल्या क्लार्क पुष्पावतीबाई हळूच म्हणाल्या. टेबलावर जन्माचा फॉर्म होता आणि त्याला टाचलेला मृत्यूचा. दोन्हींवर आजचीच तारीख. नृसिंहाची मुलगी सातव्या महिन्यातच झाली आणि चाळीस मिनिटं जगली.

"कोरीच ठेवा," राधाकृष्णकाका म्हणाले. घराण्यातलं पौरोहित्य त्यांच्याकडे, त्यामुळे असल्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच. "बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव ठेवत नाहीत, नृसिंहा. जीव अडकतो नावात."

नृसिंह संगमनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. काकांपुढे त्यानं जन्मात कधी ब्र काढला नव्हता. आज मात्र त्याचं डोकंच फिरलं.

"काका, ओगानेसॉन नावाचं एक मूलद्रव्य आहे. माणसानं बनवलेलं, सगळ्यांत जड. बनल्या बनल्या फुटतं. सेकंदाचा हजारावा भागसुद्धा टिकत नाही. आजवर त्याचे पाच-सहा अणू झाले असतील. डोळ्यांनी कुणी पाहिलं नाही, उपयोग शून्य. तरी त्याला नाव आहे, मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकशे अठरावी हक्काची जागा आहे. आज सकाळीच शिकवलं मी पोरांना! आणि माझी मुलगी चाळीस मिनिटं जगली, तिला नाव नाही?"

काकांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"लिही बाबा. पाप लागलंच तर मला लागू दे."

फॉर्म घेऊन नृसिंह आत गेला. लीना भिंतीकडे तोंड करून पडली होती. बायकोसाठी आपण काहीतरी भांडून मिळवलं, असं त्याला वाटत होतं. एवढ्या दुःखातही जरा बरं वाटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

"लीना, काका हो म्हणाले. काय नाव लिहू?"

 ती त्याच्याकडे वळली.

"सात फोन केले मी तुला."

वर्गात मोबाईल सायलेंटवर ठेवायचा, हा त्याचा नियम. पोरांनाही तोच. दवाखान्यापासून कॉलेज दहा मिनिटांवर होतं.

"डॉक्टर म्हणाले होते, अजून वेळ आहे..."

"नाव ठेवलंय मी तिचं," लीना म्हणाली. "माझं बोट धरून होती. शेवटपर्यंत त्याच नावानं हाका मारल्या तिला. ऐकलं तिनं. तुला नाही सांगणार मी."