पाचवं ‘का’

“बाबा, कॉम्प्युटर गेला,” मोनिका दारातून म्हणाली. “चालूच होत नाही. सिस्टिम फाइल खराब झाली म्हणतोय.”

भिमाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाकणच्या कंपनीनं त्यांची प्रॉडक्शन लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि त्यांची नोकरी गेली, त्याला पाच महिने झाले होते. अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला काढलेल्या या माणसाला आता आंघोळीलाही दोनदा सांगावं लागे. अंबुबाईंना नवऱ्याची ही दशा बघवत नव्हती.

“दुकानात दे की.”

“दुकानवाला सगळं पुसून टाकतो. उदगीरचे फोटो जातील, आजीचे.”

“अगं, तू तळवड्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत ना?” अंबुबाई म्हणाल्या. “तुला न्हाई जमत?”

“आमच्याकडं वेगळं असतं, आई.”

भिमाजी उठले. कुरकुरतच, पण उठले. चष्मा शोधला, टेबल पुसलं आणि कपाटातून जुनं ब्रेकडाउन रजिस्टर काढलं. मशीन नुसतं चालू करून त्यांचं कधी भागलं नव्हतं. ते का बंद पडलं, याचं उत्तर लिहायचं, त्या उत्तराला पुन्हा ‘का’ विचारायचं, असं पाच वेळा. पाचवं उत्तर मशीनमध्ये कधीच सापडत नाही, असं ते नव्या पोरांना सांगायचे.

दोन दिवस फोनवर व्हिडिओ बघून त्यांनी पेन ड्राइव्ह तयार केला, काळ्या पडद्यावर एकेक अक्षर टाइप केलं. खराब फाइल कधी बदलली गेली, ती वेळ तेवढी त्यांनी टिपून घेतली.

“हं,” ते म्हणाले.

“काय झालं?” मोनिकानं विचारलं.

“कामून? काय न्हाई. चहा ठेव जरा.”

चांगली फाइल जागेवर बसली, कॉम्प्युटर सुरू झाला. त्या दिवशी भिमाजी एक भाकरी जास्त जेवले. अंबुबाईंनी डोळे पुसले.

त्यानंतर तो कॉम्प्युटर दर दोन-तीन आठवड्यांनी आजारी पडू लागला. “भंगारात घाला हे धूड,” अंबुबाई वैतागायच्या. भिमाजी मात्र बाह्या सरसावून बसायचे. पुनावळ्याच्या सोसायटीत त्यांचा बोलबाला झाला. कुणी मिक्सर आणला, कुणी त्यांना पाण्याची मोटर दाखवायला नेलं. शेजारच्या भीमराज यांचा तळवड्यात छोटा कारखाना होता. त्यांचं बंद पडलेलं मशीन भिमाजींनी एका दुपारात सुरू करून दिलं, आणि भीमराजनी त्यांना कामावरच ठेवून घेतलं.

सोमवारी सकाळी भिमाजी डबा घेऊन फर्स्ट शिफ्टला निघाले. जाताना मोनिकाला म्हणाले, “रजिस्टर टेबलावर हाय. आता घरचा मेंटेनन्स तुझ्याकडं.”

मोनिकानं रजिस्टर उघडलं. घरच्या कॉम्प्युटरची पहिली नोंद मार्चमधली, पहिल्याच दुरुस्तीच्या दिवसाची होती.

कॉम्प्युटर का बंद पडला? फाइल खराब.
फाइल का खराब झाली? मुद्दाम बदलली. सकाळी ६.४०, घरात मोनिका एकटीच जागी असते तेव्हा.
का बदलली? मला अंथरुणातून उठवायला.
का उठवायचं? मोनिकाला बाप असा पडलेला बघवत नाही.
मग सरळ का बोलली नाही? माझा मान राखला.
उपाय: उठणे. पोरीला कळू न देणे.

खाली आणखी पाच दुरुस्त्यांच्या तारखा होत्या. प्रत्येकीपुढं एकच शब्द होता: वरीलप्रमाणे.