शब्बाथचा दिवा लावण्याआधी

आईला स्मृतिभ्रंश झाल्यापासून दिनाने एकही सुट्टी घेतली नव्हती. म्हणून हनुक्का या ज्यू सणाच्या दिवसांत भाऊ सॅमसन चिपळूणला आईजवळ राहायला आला आणि त्याने दिनाला विश्रांतीसाठी वेळणेश्वरला धाडलं. शुक्रवारची संध्याकाळ होती. शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतिदिनाचा, दिवा लागला की उद्या रात्रीपर्यंत फोनला हात लावायचा नाही, हा ज्यूंचा नेम. पण सॅमसन फोनच उचलत नव्हता. आई पडली असेल का? घराबाहेर गेली असेल? “ताई, सूर्य बुडतोय हो. दिवा लावताय ना?” दिना उतरली होती त्या घराच्या मालकीण मैनावहिनींनी विचारलं. तेवढ्यात फोन वाजला. “आईला पेज भरवत होतो,” सॅमसन म्हणाला. “मजेत आहे. मला पप्पा समजून गप्पा मारतेय.” “माझी आठवण काढली?” “नाही गं,” तो म्हणाला. दिनाचे डोळे भरले. तिने फोन बंद केला, दिवा लावला आणि मैनावहिनींना सांगितलं, “उद्या मला उठवू नका. आई मजेत आहे, आता मनसोक्त झोपते.”