नववी 'ब'मधला फितूर

"बाई, हीच फितूर! चिठ्ठी वाचून पटकन मुठीत लपवली हिने!"

नववी 'ब'चा वर्ग आज रोम झाला होता. वर्गात वाचत असलेल्या कादंबरीतला सम्राटाविरुद्धचा कट समजावा म्हणून धुमाळबाईंनी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. एकीवर 'फितूर' लिहिलंय, शोधा त्याला, म्हणाल्या. खरं तर सगळ्याच चिठ्ठ्यांवर 'नागरिक' होतं. संशय कसा पसरतो, तेच त्यांना दाखवायचं होतं.

तो भलताच पसरला. शेवटी चाळीस बोटं हर्षदावर रोखली गेली.

ती उभी राहिली. "हो, मीच."

वर्गाने बाकं बडवली. बाई मात्र चरकल्या. त्यांनी तिची चिठ्ठी उघडली. 'नागरिक'च.

"अगं, मग हो का म्हणालीस?"

"सगळे म्हणतच होते ना, बाई. कबूल केलं की निदान विचारणं तरी थांबतं."

बाईंची नजर टेबलावरच्या कादंबरीकडे गेली. तिच्यातला रोमचा नकाशा मागच्या महिन्यात कुणीतरी फाडला होता. बाईंनी दरडावल्यावर हर्षदाने कबुली दिली होती आणि आठवडाभर वर्गाबाहेर उभी राहिली होती.

"आणि नकाशा?" बाईंनी हळूच विचारलं.

हर्षदाने तोंड उघडायच्या आतच मागच्या बाकावरचा गलका एकदम थांबला.