एक्केचाळीस सेकंद

संदेश आला तेव्हा शनिवारचे तीन वाजून बारा मिनिटं झाली होती आणि पाळक चर्चच्या कार्यालयात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते. क्रमांक अनोळखी होता.

‘काका, मी बसस्थानकात आहे. माझा फोन बाबांनी काढून घेतलाय, हा दुसऱ्या कुणाचा आहे. ऑनलाइन ज्याच्याशी बोलायचे तो चारला गाडी घेऊन मला न्यायला येतोय. आता भीती वाटतेय. घरी सांगू नका. तुम्ही याल?’

पाळकांनी तो दोनदा वाचला आणि कागद ओढण्याचं काम आधी पुरं केलं.

तरुणांशी होणाऱ्या ऑनलाइन संवादासाठी चर्चने नियम केले, त्याला वर्ष झालं होतं. अल्पवयीनांना खासगीत उत्तर द्यायचं नाही, एकट्याने भेटायला जायचं नाही. आलेला संदेश मुलांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या बाईंकडे पाठवायचा आणि ठरलेलं उत्तर द्यायचं. नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्यासाठी बाई दर महिन्याला, न सांगता, एक खोटा संदेश धाडत. त्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. नमुना तपासल्याखेरीज त्यांचा कशावरही विश्वास बसत नसे.

पाळक दोनदा नापास झाले होते. पहिल्या खेपेला त्यांनी ‘कुठे आहेस?’ असं विचारलं. दुसऱ्या खेपेला ते हवालदाराला स्कूटरवर बसवून थेट रेल्वे स्थानकात पोहोचले. फलाटावर बाई वही घेऊन उभ्या होत्या. हवालदार अजूनही रस्त्यात दिसला की हसतो. तिसऱ्यांदा चुकलात तर युवक मंडळ तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल, असं बाईंनी तेव्हाच बजावलं होतं. त्या मंडळाशिवाय पाळकांकडे फारसं काही उरलं नसतं. प्रवचनं म्हातारे ऐकत, तीही डोळे मिटून.

“पुन्हा स्थानकच,” ते समोरच्या टेबलाशी बसलेल्या पत्नीला म्हणाले. “पण मागच्या वेळचं ‘आदरणीय पाळकसाहेब’ गेलं, चक्क ‘काका’ आलं. बाई सुधारल्या.”

“आता तुम्ही सुधारा,” पाकिटं चिकटवता चिकटवता ती म्हणाली.

ते सुधारले. संदेश बाईंकडे पाठवला आणि ठरलेलं उत्तर दिलं: ‘तुमचा संदेश जबाबदार व्यक्तीला कळवला आहे. कार्यालय सोमवारी दहा वाजता उघडेल.’ कागद निघाल्यापासून एक्केचाळीस सेकंद.

‘काका, प्लीज,’ असं आलं.

पाळकांनी फोन उपडा ठेवला. चार वाजून गेले तरी त्यांचा हात त्यावरच होता.

साडेपाचला बाई आल्या. चेहरा ओढलेला, काखेत रुग्णालयाची फाइल. पाळकांनी त्यांना पाणीही न विचारता फोन पुढे केला. आज तरी पास करा, म्हणाले.

बाईंनी उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

“आईच्या ऑपरेशनमुळे सकाळपासून माझा फोन बंद आहे,” त्या म्हणाल्या. “या महिन्याची चाचणी मी अजून लिहिलेलीही नाही. आणि मुलं तुम्हाला काका म्हणतात, हे मला आत्ता कळतंय.”