चिंध्यांतले हौसराव

“हा माणूस आहे?” हेडमास्तर बापूसाहेबांनी भिंतीवरच्या चित्रासमोर उभं राहून विचारलं.

“हौसराव टेलर आहेत, सर,” ड्रॉइंगचे नथानिएल मास्तर म्हणाले. “क्यूबिझम म्हणतात याला. मुंबईला कोर्सला गेलो होतो, तिथं पाहिलं. माणूस एकाच वेळी चारी बाजूंनी दाखवायचा. त्यात रंगवायचं कमी, चिकटवायचं जास्त.”

शिरूरच्या मिशन शाळेचं गॅदरिंग तासाभरावर आलं होतं. मास्तर या चित्रासाठी महिनाभर खपले होते. कपाळाला वर्तमानपत्राचं कात्रण, कानाला दौंडचं रेल्वे तिकीट, आणि अंगभर हौसरावांनीच खुशीनं दिलेल्या चिंध्या. एक डोळा समोर, दुसरा भलतीकडेच. मास्तरांचा मात्र त्या चित्रावर भारी जीव.

“पाहुणे हसतील हो,” बापूसाहेब म्हणाले. “कुणी ओळखलं तर राहू द्या, नाहीतर उतरवा.”

मास्तर तडक समोरच्या दुकानातून हौसरावांनाच घेऊन आले. मागोमाग त्यांची बायको अनसाबाईही आली. हौसरावांनी चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मास्तर, वाईट वाटून घिऊ नका, पर ह्यो काय मी न्हाई. आन् कापड आडवं लावलंय तुमी. झोळ येतोय.”

अनसाबाई तोंडाला पदर लावून खुदखुदत होती. “अवो, तुमीच हाय ह्ये! एक डोळा सुईवर, दुसरा रस्त्यावर. लगीन झाल्यापास्नं मी असंच बघतीया.”

मास्तरांना इतका आनंद झाला, की त्यांनी अनसाबाईला वाकून नमस्कारच केला.

“घरच्या माणसाची साक्ष चालायची नाही,” बापूसाहेब म्हणाले. पण हसू त्यांनाही येत होतं. चष्मा नीट करून ते जवळ सरकले. चित्राच्या छातीवर चांगली वीतभर तपकिरी लोकरी सर्जची चिंधी चिकटवली होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग अंगातल्या कोटाची बाही तिच्याशेजारी धरली. कापड एकच होतं.

“हौसराव, तुम्हीच शिवलेल्या या कोटाला आतला खिसा का नाही, असं मी विचारलं, तेव्हा काय म्हणाला होतात?”

हौसरावांनी जीभ चावली. “कापड पुरलं न्हाई म्हनलो व्हतो, सर.”

बापूसाहेब पोट धरून हसायला लागले.

“राहू द्या, मास्तर, चित्र राहू द्या. अगदी हुबेहूब आहे!”