नवा पत्ता

हरवलेल्या माणसांची माहिती देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटचं तांत्रिक काम ती एकटीच सांभाळायची. सकाळी एका बाईंचा फोन आला.

"माझ्या वडिलांचं पान उघडत नाहीये. दोन वर्षं रोज बघतेय. तुम्ही काढून टाकलंत का हो? निदान फोटो तरी राहू द्यायचा."

"मी कशाला काढीन, ताई? थांबा, बघते."

तिने सर्व्हरवरचा कोड उघडला. कोणत्या पत्त्यावर कोणतं पान दाखवायचं, ते तिथे एकाखाली एक लिहिलेलं होतं. चूक तिचीच निघाली. पान दुसरीकडे हलवलं की जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्याकडे वळवणारी ओळ ती लिहायलाच विसरली होती. आजवर त्या ओळीची गरजच पडली नव्हती.

"पान आहे, ताई. इथे नोंद दिसतेय, अर्ध्या तासापूर्वी एका दवाखान्याकडून निरोप आला आणि आमच्या ऑफिसने ते हलवलं. पत्ता तेवढा बदललाय."

"मग नवा सांगा ना, लिहून घेते."

तिने पडद्यावरचा पत्ता वाचायला घेतला आणि आधी स्वतःशीच पुन्हा एकदा वाचून पाहिला.

"आधी जरा बसून घ्या, ताई. वडिलांचं नाव तेच ठेवायचं. त्याच्या अलीकडचं 'हरवलेले' पुसायचं आणि तिथे 'सुखरूप' लिहायचं."