चौदा वर्षांचं दीड पान

मंदीत चारुदत्तची सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली. साहेबांनी बजावलं, "जाण्याआधी तुम्हाला या कामातलं जे जे येतं, ते सगळं लिहून नव्या मुलीला देऊन जा." चौदा वर्षांचं ज्ञान आठवड्यात कसं उतरवायचं, या काळजीनं त्याच्या घशाखाली घास उतरेना. सोमवारी लिहायला बसला, आणि दुपारचा चहा येण्याआधीच संपलं. दीड पान झालं.

मग खरी काळजी सुरू झाली. हे वाचून साहेब म्हणतील, याला काढलं ते बरंच झालं. त्यानं अक्षरं मोठी केली, ओळींत अंतर सोडलं. तरी दोन पानं भरेनात.

खांदा कॉलनीतल्या घरी येऊन त्यानं कागद बायकोसमोर ठेवले. सुनीता शाळेत इतिहास शिकवायची. एका तहाची चार पानं करण्यात तिचा हातखंडा. "यात काहीतरी वाढवून दे ना," तो काकुळतीनं म्हणाला.

सुनीतानं सगळं वाचलं. कागद उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. मग चष्मा काढून शांतपणे म्हणाली, "अहो, काम एवढंच होतं, तर रोज घरी यायला दहा कशाला वाजायचे?"